महाराष्ट्रातील स्थावर संपदा अभिकर्त्यांची नोंदणी

स्थावर संपदा अभिकर्ता (बोलीभाषेत एजंट किंवा दलाल) म्हणजे भूखंड, सदनिका किंवा इमारतीच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देऊन त्याबद्दल मोबदला घेणारी व्यक्ती किंवा संस्था. महाराष्ट्रात अशा अभिकर्त्यांची नोंदणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) करते. तिचा आधार स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील कलम ९ हा आहे. ही नोंदणी सरसकट सर्व दलालीला लागू होत नाही. ती नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील व ले-आऊटमधील पहिल्या विक्रीशी बांधलेली आहे. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यासारख्या भागात, जिथे शेतजमीन, जुनी घरे आणि लहान ले-आऊट यांचेच सौदे प्रामुख्याने होतात, कायद्यातील 'अभिकर्ता' आणि गावातील 'दलाल' या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बांधकाम व्यावसायिकांवर नियंत्रण आणणारा महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम १९६३ चा आहे. त्याचा रोख प्रवर्तकावर, म्हणजे इमारत बांधून विकणाऱ्यावर होता. मध्यस्थाला त्यात स्थान नव्हते. राज्याने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण (नियमन व विकास) कायदा केला, परंतु केंद्रीय अधिनियमाच्या कलम ९२ ने तो रद्द झाला. मध्यस्थांची स्वतंत्र नोंदणी देशात अगदीच अपरिचित नव्हती. हरियाणाने २००८ मध्येच मालमत्ता दलालांसाठी परवाना कायदा केला होता. सिंगापूरमध्ये २०१० च्या कायद्याने यासाठी वेगळी परिषद स्थापन झाली, तर अमेरिकेतील राज्यांत परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

केंद्रीय अधिनियम संसदेने मार्च २०१६ मध्ये संमत केला. त्यातील काही कलमे १ मे २०१६ पासून आणि नोंदणीविषयक कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. महारेराची स्थापना मार्च २०१७ मध्ये झाली व गौतम चॅटर्जी हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अधिनियमाच्या घटनात्मक वैधतेला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी फेटाळले.

नोंदणी व प्रशिक्षण

राज्याच्या २०१७ च्या नियमांनुसार नोंदणी शुल्क व्यक्तीसाठी १०,००० रुपये आणि कंपनी, भागीदारी संस्था इत्यादींसाठी १,००,००० रुपये ठरविण्यात आले. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते व नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. अभिकर्त्याला मिळालेला क्रमांक त्याने घडवून आणलेल्या प्रत्येक विक्रीत नमूद करणे कलम ९ नुसार आवश्यक आहे. दुसऱ्या बाजूने, प्रवर्तकालाही प्रकल्पाची नोंदणी करताना आपल्या अभिकर्त्यांची नावे व पत्ते द्यावे लागतात.

आरंभीची काही वर्षे ही नोंदणी म्हणजे कागदपत्रे आणि शुल्क एवढीच बाब होती. परवान्यात अपेक्षित असलेली पात्रतेची कसोटी तिच्यात नव्हती. जानेवारी २०२३ मधील आदेशाने महारेराने ती उणीव भरून काढली. वीस तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर परीक्षा आणि उत्तीर्ण होणाऱ्यास सक्षमता प्रमाणपत्र अशी ती पद्धत आहे. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. मुदत वाढवून १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्र अनिवार्य करण्यात आले आणि ते सादर न करणाऱ्या सुमारे २० हजार अभिकर्त्यांची नोंदणी त्याच वर्षी एका वर्षासाठी स्थगित झाली. प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो मोबाइलवर तपासला की प्रकल्पाची महारेराकडील माहिती उघडते.

व्याप्ती आणि तिच्या मर्यादा

कलम ९ चे शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात. नोंदणीची सक्ती तीन अटी एकत्र आल्यावर लागू होते: मालमत्ता नोंदणीकृत प्रकल्पातील असावी, विक्रेता प्रवर्तक असावा आणि ती जागा नियोजन क्षेत्रात असावी. एकाने घेतलेला प्लॉट पुढे दुसऱ्याला विकला जातो तेव्हा विक्रेता प्रवर्तक नसतो. घर भाड्याने मिळवून देणे ही विक्रीच नव्हे. विकसन न करता विकलेली शेतजमीन 'स्थावर संपदा प्रकल्प' या व्याख्येत बसत नाही. अशा व्यवहारांतील दलालाकडे महारेराचा क्रमांक नसला तर केवळ तेवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही, आणि त्याच्या मोबदल्याचा दरही अधिनियमाने कोठेच ठरवून दिलेला नाही.

याची दुसरी बाजू अधिक कडक आहे. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातील विक्रीत मध्यस्थी करण्यास कलम १० ने मनाई केली आहे. प्रकल्पाची नोंदणी केव्हा लागत नाही हे कलम ३ सांगते: विकसित करावयाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तेव्हा. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणून नियोजन क्षेत्रातील एक एकराचे ले-आऊट 'लहान आहे, त्याला रेरा लागत नाही' असे सांगून विकले जात असेल, तर ते सांगणे चुकीचे आहे.

कोरपना परिसरातील स्थिती

कोरपना तालुका पूर्वीच्या राजुरा तालुक्यातून वेगळा झाला. राजुरा हा हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात आला. चुनखडीमुळे या भागात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही व नारंडा येथे सिमेंट कारखाने उभे राहिले. बाहेरून आलेल्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या वस्तीमुळे कापूस पिकविणाऱ्या काळ्या जमिनीलगत प्लॉटचा व्यवहार वाढणे स्वाभाविक होते. गडचांदूर येथे नगर परिषद आणि कोरपना येथे नगर पंचायत असल्याने त्यांच्या हद्दीतील ले-आऊटना नियोजनाचे नियम लागू होतात. हद्दीबाहेरच्या गावांत मात्र जागा एखाद्या प्रादेशिक योजनेत येते की नाही, हे आधी पाहावे लागते.

या भागातील खरेदीदाराचा मोठा धोका दलालाच्या नोंदणीपेक्षा जमिनीच्या हक्कात असतो. तालुक्यात गोंड व कोलाम समाजाची वस्ती असून जुन्या राजुरा तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्या मंजुरीला राज्य शासनाची पूर्वमान्यता असावी लागते. गावातील किंवा पाच किलोमीटरच्या आतील कोणताही आदिवासी ती जमीन घेण्यास तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री व्हावी लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही आवश्यक आहे. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी वेगळा कायदा आहे. त्यामुळे सातबाऱ्यावरील आजचे नाव पाहून भागत नाही, जुने फेरफारही पाहावे लागतात.

'मंजुरी येणारच आहे' असे सांगून इसारचिठ्ठीवर रक्कम घेतली जाते, तेव्हा दलालाकडे महारेराचा क्रमांक असला तरी खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. हा क्रमांक अभिकर्त्याविषयी आहे, जमिनीविषयी नाही. सातबारा, फेरफार, गावठाणातील आखीव पत्रिका, अकृषक आदेश आणि मंजूर ले-आऊटचा नकाशा ही कागदपत्रे पटवारी (तलाठी), भूमी अभिलेख व नगर परिषद यांच्याकडूनच तपासावी लागतात. नोंदणीकृत प्रकल्पात मात्र खरेदीदाराला देय असलेली सर्व कागदपत्रे आरक्षणाच्या वेळी मिळतील हे पाहणे अभिकर्त्याचे कर्तव्य आहे.

दंड व तक्रार

नोंदणीशिवाय काम करणाऱ्या किंवा नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करून देणाऱ्या अभिकर्त्याला कलम ६२ नुसार दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याची एकूण मर्यादा संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्के आहे. प्रवर्तकाला नसलेली मंजुरी असल्याचे भासविणे, खोटी जाहिरात प्रसिद्ध होऊ देणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते व त्यावरून, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, नोंदणी रद्द करता येते. अपील न्यायाधिकरणाचा आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

महारेराचे मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात असून नागपूर येथे विभागीय कार्यालय आहे. कलम ३१ खालील तक्रार ५,००० रुपये शुल्क भरून ऑनलाइन दाखल होते, त्यामुळे कोरपन्याहून तक्रार देण्यासाठी नागपूर गाठण्याची गरज उरत नाही. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. महारेराच्या कक्षेबाहेरील सौद्यात फसवणूक झाल्यास पोलीस आणि दिवाणी न्यायालय हे मार्ग राहतात. दलालाने मोबदला घेऊन दिलेल्या सेवेत कसूर असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.