तीन बटणं, एक 'मोअर' आणि मेलेला जादूगार

आजचा विषय कीबोर्ड मॅक्रोचा. त्यात असा एक बग असतो की गेम बरोबर, मॅक्रोही बरोबर, तरी तुमचा हीरो मरतो. हे कसं होतं ते बघूया. जाता जाता तुमच्या फोनकडेही येणार आहे, तेव्हा पळू नका.

आधी रोगलाइक म्हणजे काय, ते पटकन सांगते. १९८० मध्ये युनिक्सवर 'रोग' नावाचा गेम आला. चित्रं नाहीत, सगळं भुयार अक्षरांनी काढलेलं. तुम्ही स्वतः म्हणजे ॲट चिन्ह, तेच ईमेलमधलं. दर वेळी भुयार नवं, आणि मेलात की मेलात. मागच्या सेव्हवर परत जायची सोय नाही. हा साचा पुढे ज्यांनी उचलला ते रोगलाइक. १९८७ चा नेटहॅक त्यातलाच. आणि १९९० मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात सुरू झालेला अँगबँडही. आजचं उदाहरण अँगबँडच्या जुन्या आवृत्त्यांतलं आहे.

या गेममध्ये प्रत्येक कामाला एक बटण. मंत्र टाकायचा तर 'एम', मग कोणतं पुस्तक, मग त्यातला कितवा मंत्र. हे हजार वेळा दाबायचं म्हणजे बोटं दुखणारच. म्हणून मॅक्रो: एफ-१ दाबलं की गेमला वाटतं, तुम्हीच ती सगळी बटणं ओळीने दाबलीत.

आता पहिली अडचण. पिशवीतल्या वस्तूंना अक्षरं त्यांच्या जागेवरून मिळतात. औषधाची बाटली 'डी' वर आहे, तुम्ही नवं पुस्तक उचललं, ते वर बसलं, आणि बाटली सरकली 'ई' वर. मॅक्रो मात्र अजून 'डी' च दाबतोय! यावर अँगबँडचा उपाय फार गोड आहे. वस्तूवरच चिठ्ठी लिहायची. पुस्तकावर 'ॲट-एम-१' लिहिलं, की 'एम' नंतर १ दाबल्यावर तेच पुस्तक निघणार, मग ते पिशवीत कुठेही असो. (नेटहॅक वेगळा आहे; तिथे वस्तूचं अक्षर सहसा बदलत नाही.)

म्हणजे आपला मॅक्रो झाला: एम, १, ए. चिठ्ठीवालं पुस्तक, पहिला मंत्र. एकदम पक्का, नाही का?

थांबा. राक्षसाने तुम्हाला मारलं, संदेश एका ओळीत मावला नाही, आणि कोपऱ्यात 'मोअर' आलं. गेम आता हुकमाची वाट बघत नाहीये, 'वाचलं का?' एवढंच विचारतोय. कुठल्याही बटणाने 'मोअर' पुढे जाईल असा पर्याय चालू असेल, तर काय होतं बघा. तुम्ही घाईत एफ-१ दाबता. 'एम' जातो 'मोअर' च्या पोटात. उरले १ आणि ए. आता १ म्हणजे पुस्तक नाही. १ म्हणजे खाली डावीकडे एक पाऊल! आणि 'ए' म्हणजे जादूची कांडी रोखणे. मंत्र टाकायच्या ऐवजी जादूगार एक पाऊल सरकला, 'कोणती कांडी?' असं विचारत स्क्रीन थांबली, आणि त्या पावलाच्या बदल्यात राक्षसाला फुकटचा वार मिळाला. प्राण थोडेच उरले असतील तर कित्येक दिवसांचा खेळ तिथेच खलास.

चूक कुणाची? मॅक्रो आंधळा आहे. समोर कोणता प्रश्न आहे हे न बघता तो उत्तर देतो.

म्हणून जुने खेळाडू मॅक्रोच्या सुरुवातीला तीनदा एस्केप घालायचे. काही उघडं असेल तर आधी बंद होऊ दे, मग हुकूम. काहीच उघडं नसेल तर एस्केपने बिघडतही नाही. 'डन्जन क्रॉल स्टोन सूप' ने आणखी पुढचा विचार केला. तिथे मॅक्रो फक्त गेम हुकमाची वाट बघत असतानाच उलगडतो. शिवाय मंत्र फसला वगैरे काही गडबड झाली, की रांगेत उरलेली बटणं फेकून देण्याची सोय आहे. मला ही दुसरी कल्पना जास्त आवडते: पहिली पायरी चुकली तर उरलेल्या पायऱ्या चढूच नका.

आता फोन. स्क्रीनवर ठरलेल्या जागी आपोआप टॅप करणारी ऑटो-क्लिकर ॲप्स तुम्ही वापरली असतील. तोच रोग! मध्येच पॉप-अप आला, तर टॅप त्याच्या बटणावर पडतो. गेममध्ये हीरो मरेल. पैशाच्या ॲपमध्ये काय होईल ते तुम्हीच ठरवा. तेव्हा असं काही लावताना तीन प्रश्न विचारा. सुरुवातीला स्क्रीन मोकळी आहे का? मी जागा सांगतोय की वस्तू? आणि मध्ये बिघडलं तर हे थांबणार का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर तिथे आपलं बोटच बरं. चला, भेटू पुढच्या भागात!