सदतीस महिन्यांचं युद्ध, अकरा वर्षांची मालिका

कोरियातलं युद्ध २५ जून १९५० ला पेटलं आणि २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. सगळे मिळून सदतीस महिने. या युद्धातल्या एका फिरत्या लष्करी रुग्णालयावर बेतलेली ‘मॅश’ ही अमेरिकन मालिका १७ सप्टेंबर १९७२ ला सीबीएसवर सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ ला संपली. अकरा सीझन, अडीचशेहून जास्त भाग. युद्ध चाललं त्याच्या तिपटीहून जास्त काळ मालिका चालली. तिच्यातल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ या एवढ्या हिशेबात आहे. मालिका मात्र आजही पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे, आणि चुका शोधत पाहिली तर जास्तच उमगते, असं माझं ठाम मत आहे.

कर्नल पॉटरपासून सुरुवात करू. तिसऱ्या सीझनच्या शेवटी हेन्री ब्लेक हा आधीचा प्रमुख घरी जायला निघतो आणि त्याचं विमान पाडलं जातं. त्याच्या जागी पॉटर येतो, तो ‘चेंज ऑफ कमांड’ या भागात. त्याच्या नेमणुकीची तारीख तिथे स्पष्ट सांगितली आहे, १९ सप्टेंबर १९५२. ही तारीख धरली तर पॉटरच्या वाट्याला युद्धाचे जेमतेम दहा महिने आणि एकच नाताळ येतो. आता नाताळ मोजा. सातव्या सीझनमधल्या ‘डिअर सिस’मध्ये नाताळ आहे, नवव्यातल्या ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’मध्ये आहे, आणि दहाव्या सीझनमध्ये एक अख्खा भाग नाताळच्या दुसऱ्या दिवसावर आहे. तिन्हीत पॉटर आहे, आणि त्याच्याही नंतर दाखल झालेला सर्जन विंचेस्टर आहे.

याहून मोठा घोळ ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’मध्ये आहे. २९ डिसेंबर १९८० ला दाखवलेला हा भाग छावणीतलं एक पूर्ण वर्ष सांगतो, ३१ डिसेंबरच्या रात्रीपासून पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत. हे वर्ष कोणतं, याबद्दल संशयाला जागाच ठेवलेली नाही. छावणीतल्याच क्लिंगरच्या नादाने विंचेस्टर बेसबॉलमध्ये डॉजर्सवर पैसे लावतो आणि जायंट्सचा बॉबी थॉमसन अखेरच्या क्षणी होमरन मारून त्याचे पैसे बुडवतो. तो होमरन ३ ऑक्टोबर १९५१ चा, अमेरिकेत शाळकरी पोरांनाही पाठ असलेला. म्हणजे जो पॉटर सप्टेंबर १९५२ मध्ये रुजू होणार, तो १९५१ च्या स्वागताला हजर आहे.

या भागात मला त्याहून जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. मालिकेतली छावणी सोलच्या उत्तरेला, उइजोंगबूच्या आसपास आहे. १९५० च्या ज्या ३१ डिसेंबरला तिथे नववर्षाची पार्टी रंगलेली दाखवली आहे, त्याच रात्री चिनी फौजांनी मोठं आक्रमण सुरू केलं होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच उइजोंगबूची आघाडी मागे हटली आणि ४ जानेवारी १९५१ ला सोल पडलं. त्या आठवड्यात तिथलं कुठलंही रुग्णालय पार्टी करत नव्हतं, तंबू उतरवून, जखमींना ट्रकमध्ये घालून दक्षिणेकडे पळत होतं. युद्धाच्या पहिल्या वर्षात आघाडी सारखी वर-खाली सरकली आणि तिच्यामागे ही रुग्णालयंही हलत राहिली. फिरतं रुग्णालय हे नाव त्यांनी अक्षरशः जगून दाखवलं. मालिकेतली छावणी मात्र फार क्वचित हलते, कारण तिचा सेट कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या डोंगरात पक्का बांधलेला होता.

अशा चुका का झाल्या, याचं उत्तर त्या काळच्या टीव्हीत आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट असे, दर आठवड्याला नवी. प्रेक्षक तो एकदा पाहत, फार तर पुनःप्रक्षेपणात दुसऱ्यांदा. घरोघरी व्हिडिओ पोचायचे होते, त्यामुळे सात वर्षांपूर्वीचा संवाद काढून ताडून पाहणारं कुणी नव्हतं. मालिका उभी करणारा लॅरी गेलबार्ट चौथ्या सीझननंतर गेला, जीन रेनॉल्ड्सने पाचव्यानंतर सूत्रं सोडली, लेखक येत-जात राहिले. आपल्याकडे सेटवर ज्याला ‘कंटिन्युइटीचा जर्क’ म्हणतात, तो दोन शॉट्समधला असतो. शर्टाचं बटण आधी लावलेलं, मग उघडं. इथे जर्क वर्षावर्षांमधला आहे. हेन्री ब्लेकची बायको आधी मिल्ड्रेड, नंतर लॉरेन. मग पॉटर आला, तर त्याच्याही बायकोचं नाव मिल्ड्रेड.

नायक हॉकआय पिअर्सचं तर पूर्ण घरच बदललं. पहिल्या सीझनमध्ये तो वडिलांना लिहिलेल्या पत्रात आईची आणि बहिणीची आठवण काढतो, सुरुवातीला त्याचं गाव व्हर्मॉन्टमध्ये असल्याचेही उल्लेख आहेत. पुढे तो मेन राज्यातल्या क्रॅबॲपल कोव्हचा एकुलता एक मुलगा ठरतो आणि त्याची आई तो दहा वर्षांचा असतानाच गेलेली असते. नियमाने पाहिलं तर ही ढळढळीत चूक. पण वडील आणि मुलगा, दोघंच एकमेकांना धरून राहिलेले, हे चित्र त्या बदलातून मिळालं आणि अखेरच्या सीझन्समधले काही फार चांगले प्रसंग त्यावर उभे आहेत. लेखकांनी जुना संवाद जपला असता तर हॉकआय उथळच राहिला असता.

हवामानाची गोष्ट वेगळी. कोरियाचा हिवाळा जीवघेणा, आणि शूटिंग मालिबूच्या उन्हात. केन लेव्हिन या पटकथाकाराने सांगून ठेवलं आहे की नट संहितेबद्दल फार कुरकुर करू लागले की लेखक कडाक्याच्या थंडीचा भाग लिहीत. मग सगळ्यांना भर उन्हात जाडजूड कोट घालून शेकोटीभोवती हात चोळत बसावं लागे.

ऑपरेशनच्या तंबूत मात्र ही मालिका दक्ष होती. वॉल्टर डिशेल हे डॉक्टर सल्लागार होते आणि शस्त्रक्रियेचे प्रसंग त्यांच्या नजरेखालून जात. सीबीएसच्या आग्रहामुळे मालिकेत रेकॉर्ड केलेला हशा वाजवावा लागला, पण ऑपरेशन चालू असताना तो वाजणार नाही, हे निर्मात्यांनी मान्य करून घेतलं होतं. १९७९ मधला ‘लाइफ टाइम’ पाहाच. एका जखमीची महाधमनी फाटली आहे. वीस मिनिटांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही तर तो कायमचा लुळा होईल. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू आहे. जोडायला दुसऱ्याची धमनी हवी, आणि ती ज्याच्याकडून मिळू शकते तो डोक्याला मार लागलेला सैनिक अजून जिवंत आहे. त्याचा मित्र शेजारी बसून आहे. डॉक्टरांना एकाच्या मरणाची वाट पाहत दुसऱ्याला वाचवायचं आहे. यातलं वैद्यकशास्त्र हवेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात फाटलेली धमनी बहुधा बांधून टाकत, आणि अशा जखमींपैकी सुमारे ४९ टक्क्यांचा हात किंवा पाय कापावा लागे. कोरियात धमनी शिवायला, जोडायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत उतरलं. उपचारापर्यंत पोचलेल्या जखमींमधले मृत्यूही साडेचार टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. हेलिकॉप्टर आणि आघाडीलगतची ही रुग्णालयं यांचा त्यात मोठा वाटा होता.

वर उल्लेख केलेल्या ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’बद्दलही सांगायला हवं. नाताळच्या दिवशी एक सैनिक मरणाच्या दारात आहे. त्याच्या मुलांना दरवर्षी सणाच्या दिवशी बापाचं मरण आठवू नये, म्हणून डॉक्टर त्याला मध्यरात्रीपर्यंत जगवायला धडपडतात. तो आधीच जातो. तेव्हा हॉकआय भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे सरकवतो आणि नोंद २६ डिसेंबरची होते. हा नाताळ युद्धाच्या दिनदर्शिकेत बसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी मालिकेतले दहा उत्तम प्रसंग निवडताना मी हा वगळणार नाही.

तारखांच्या चुका मी सोडून देतो, कारण त्यांनी कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. दोन चुका मात्र सोडवत नाहीत. पहिल्या सीझनमध्ये टिमोथी ब्राउनने केलेला कॅप्टन जोन्स हा कृष्णवर्णीय सर्जन होता. काही भागांनंतर तो नाहीसा झाला. कारण असं दिलं गेलं की कोरियातल्या अशा रुग्णालयांत कृष्णवर्णीय सर्जन नव्हते. ते खरं नव्हतं. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा ट्रुमन यांचा आदेश १९४८ चा, आणि कृष्णवर्णीय डॉक्टर कोरियात काम करत होते. अचूकतेच्या नावाखाली झालेली ही चूक मला मालिकेतली सगळ्यात वाईट वाटते. दुसरी चूक कोरियन माणसांची. ज्यांच्या देशात हे सगळं चाललं होतं ती माणसं बहुतेक वेळा मागे, कडेला उभी. भूमिका जपानी किंवा चिनी वंशाच्या नटांकडे. दक्षिण कोरियन कॅप्टन सॅम पॅक केला तो जपानी वंशाच्या पॅट मोरिटाने, आणि शेवटी क्लिंगर जिच्याशी लग्न करतो ती सून-ली केली चिनी वंशाच्या रोझलिंड चाओने. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स कोरियात जाऊन आले, तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना भेटले. क्लिंगरची भूमिका करणारा जेमी फार हा तर स्वतः सैन्यात राहून पूर्वेकडे गेलेला, मालिकेत त्याच्या गळ्यात त्याचीच खरी ओळखपट्टी असे. एवढी जवळीक असलेल्यांकडून कोरियन माणसांबाबत अधिक अपेक्षा ठेवणं गैर नाही.

आणखी एक रुग्णालय त्याच भूमीवर होतं. भारताची ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात पोचली. डिसेंबरात प्याँगयाँगमधून माघार घेताना वाहनं मिळेनात, तेव्हा या लोकांनी एक जुनं वाफेचं इंजिन चालू केलं आणि सगळं सामान गाडीतून बाहेर काढलं. मार्च १९५१ मध्ये मुनसानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांच्यातल्या डॉक्टरांनी आणि जवानांनीही उड्या घेतल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. यावर कुणी मालिका लिहायला घेतली, तर त्या वाफेच्या इंजिनाचा प्रसंग रचावाही लागणार नाही.

‘मॅश’च्या अडीच तासांच्या अखेरच्या भागाला अमेरिकेत दहा कोटींहून जास्त प्रेक्षक लाभले. त्याचं काम चालू असताना ऑक्टोबर १९८२ मध्ये मालिबूत वणवा लागला, सेटचा बराच भाग जळाला, आणि लेखकांनी ती आग कथेतच घेतली. शस्त्रसंधीची बातमी येते, छावणी मोडते, सगळे आपापल्या घरी निघतात. प्रत्यक्षात कोरियातल्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांनी आपल्या देशात परतायला नकार दिला होता. त्यांचं काय करायचं हे ठरेपर्यंत त्यांना ताब्यात ठेवण्याचं काम भारताच्या कस्टोडियन फोर्सकडे आलं, आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले मराठी सेनाधिकारी. कैद्यांच्या छावण्यांतल्या दंगली, दोन्ही बाजूंचा संशय आणि कोरियाचा हिवाळा सांभाळत ते काम फेब्रुवारी १९५४ पर्यंत चाललं.