बाईला कोण मत देणार?

निवडणूक जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या चहाटपरीवर एक वाक्य ठरलेले असते: जागा राखीव असेल तर बाई उभी करा, खुल्या जागेवर बाईला कोण मत देणार? बोलणारा हे स्वतःचे मत म्हणून सांगत नाही, मतदाराच्या नावावर खपवतो. म्हणून मतदाराने प्रत्यक्षात काय केले, ते आधी पाहू.

गैरसमज: खुल्या जागेवर बाई पडते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरच्या खुल्या जागेवर प्रतिभा धानोरकर यांना ७,१८,४१० मते मिळाली. समोर सुधीर मुनगंटीवार होते, तेव्हाचे राज्याचे मंत्री आणि जिल्ह्यातले मातब्बर नेते. ते २,६०,४०६ मतांनी हरले. २०१९ मध्ये याच जागेवर प्रतिभाताईंचे पती बाळू धानोरकर ४४,७६३ मतांनी जिंकले होते. २०२४ मध्ये राज्यात वारे त्यांच्या महाविकास आघाडीच्या बाजूचे होते हे खरे, पण मतदाराला बाई नकोच असती तर ते वारे इथवर पोचलेच नसते.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. २०१९ च्या विधानसभेला ३,२३७ उमेदवारांत २३५ महिला होत्या आणि २४ निवडून आल्या. म्हणजे शंभरातल्या दहा जिंकल्या. पुरुषांत हे प्रमाण नऊच्याही आत होते. २०२४ मध्ये ३६३ पैकी २१ महिला जिंकल्या, तेव्हा पुरुष किंचित पुढे राहिले. फरक कधी इकडे, कधी तिकडे. न बदलणारी गोष्ट एकच: दोन्ही वेळा शंभर उमेदवारांत दहासुद्धा महिला नव्हत्या.

गैरसमज: ती सगळी सहानुभूतीची मते.

बाळू धानोरकर मे २०२३ मध्ये गेले, त्यामुळे हा आक्षेप लगेच येतो. पण प्रतिभाताई वरोऱ्यातून आमदार झाल्या त्या २०१९ मध्ये, पती हयात असताना.

इथे थोडे मागे जायला हवे. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच वारले. पुढच्या वर्षी चांदा (आजचे चंद्रपूर) मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार लोकसभेवर गेल्या. त्यांच्यानंतर या भागाने पुन्हा महिला खासदार पाहिली ती थेट २०२४ मध्ये, साठ वर्षांनी. दोघींनाही दिल्लीची उमेदवारी मिळाली ती पतीच्या निधनानंतर. लोक यातून मतदाराचा हळवेपणा काढतात. मला यात पक्षांचा कंजूषपणा दिसतो. मतदार दोन्ही वेळा तयार होता. तिकीट देणाऱ्यांना मात्र घरात मृत्यू झाल्यावरच बाईचे नाव आठवले. मधल्या काळात, १९९० च्या दशकात, शोभाताई फडणवीस सावली मतदारसंघातून एकाहून अधिक वेळा विधानसभेवर गेल्या आणि शिवसेना-भाजप युती सरकारात मंत्री झाल्या. विधानसभेला चालणारी बाई लोकसभेला का चालू नये?

गैरसमज: बायका बाईलाच मत देतात.

नाही. दारूबंदीचे उदाहरण घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली, आणि ती आणण्यासाठी हजारो बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या आंदोलनाच्या नेत्या पारोमिता गोस्वामी २०१९ मध्ये ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि पडल्या. मोर्च्यात सोबत चालणारी बाई मत देताना पक्ष पाहते, काम पाहते, निवडून येण्याची शक्यता पाहते. पुरुषही हेच पाहतो.

मग मतदाराच्या मनात पूर्वग्रह नाहीच का? आहे, आणि तो कसा ओसरतो तेही ठाऊक आहे. संशोधक लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांत एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे बाईच्या आवाजात ऐकवले. जिथे कधीच महिला प्रधान (म्हणजे सरपंच) नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे गावाने महिला प्रधानाचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक जवळपास पुसला गेला. नेता पुरुषच असावा ही आवड तेवढी टिकली, पण बाईला काम जमत नाही हा समज टिकला नाही. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या रिखिल भवनानी यांना असेच आढळले: १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डांत २००२ साली आरक्षण उठल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. बाईला खुर्चीत पाहिले की लोकांची नजर बदलते.

गैरसमज: सरपंच बाई म्हणजे नुसती सही, कारभार नवऱ्याचा.

असे सरपंचपती आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्याच बायांना त्यात मोजू नये. भामरागड तालुक्यातल्या कोठी ग्रामपंचायतीत भाग्यश्री लेखामी २०१९ मध्ये, विशीत असताना सरपंच झाल्या. त्या माडिया समाजाच्या. दुचाकीवरून जंगलातली गावे पालथी घालणारी सरपंच म्हणून लोक त्यांना ओळखू लागले.

आता तिकिटाच्या प्रश्नाकडे परत येऊ आणि गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघ पाहू. १९ एप्रिल २०२४ ला इथल्या बऱ्याच भागात मतदान दुपारी ३ वाजताच थांबले, तरी ७१.८८ टक्के मतदान झाले, राज्यात सर्वाधिक. या मतदारसंघात पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. तेव्हापासूनच्या चार लोकसभा निवडणुकांत काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी इथे एकदाही महिला उमेदवार दिलेली नाही.