ऐंशी टक्के टायर

जुन्या गाड्यांच्या बाजारात टायर टक्क्यांत मोजतात. ‘सिंगल ओनर, रनिंग बावीस हजार, टायर ऐंशी टक्के.’ कोपरखैरण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही एजंटाकडे जा, वाक्य साधारण याच क्रमाने ऐकू येतं. इंजिनाला टक्के नसतात, क्लचला नसतात. टायरला असतात, कारण त्याची झीज उघड्यावर असते. नव्या कारच्या टायरची खोबणी ७-८ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या दृष्टीने टायर संपला. या दोन आकड्यांमधलं किती शिल्लक आहे, तो हा टक्का. एजंट खोटं बोलत असतोच असं नाही. खोबण्या बऱ्याचदा खरोखरच ऐंशी टक्के असतात.

तरीही गाडी घरी आल्यावर महिनाभरात कधीतरी हवा भरायला थांबावं आणि हवा भरणाऱ्या पोराने खाली वाकून म्हणावं, “साहेब, टायर फाटायला आलेत,” असं घडतं. बघावं तर टायरच्या बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं. विकत घेताना तिथे काळीकुळकुळीत चमक होती. ती पॉलिशची होती आणि दोन पावसांत उतरली. नक्षी नव्याची आणि कातडी म्हाताऱ्याची असं एकाच टायरमध्ये कसं नांदतं? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत चक्रावणारं वाटतं: गाडी कमी चालली, म्हणून.

नवी मुंबईत अशा गाड्या पुष्कळ. माणूस सकाळी नेरूळला किंवा खारघरला लोकल पकडतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात आठवडाभर उभी राहते. रविवारी पाम बीचवर एक फेरी, दिवाळीत गाव. पाच-सहा वर्षांनी ती विकायला निघते तेव्हा कमी रनिंग हाच तिचा सगळ्यात मोठा दागिना असतो. इंजिनासाठी तो दागिना खराही असेल. रबराचं गणित मात्र निराळं आहे.

रबर म्हणजे हजारो कड्यांच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. नुसता चीक उन्हाळ्यात पाघळतो आणि थंडीत कडक होतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबरात गंधक घालून ते तापवायची युक्ती सापडली. गंधकाचे अणू साखळ्यांमध्ये पूल बांधतात, त्यामुळे ताणलेलं रबर सोडल्यावर मूळ आकारात परत येतं. पण सगळ्या कड्या या पुलांमध्ये अडकत नाहीत. उरलेल्या कड्यांत कार्बनचे दुहेरी बंध तसेच राहतात आणि ते ओझोनच्या तावडीत सापडतात. होय, तोच ओझोन, जो वर आकाशात आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून, उन्हाच्या मदतीने तो जमिनीलगतही तयार होतो. अब्ज रेणूंमागे काही डझन, एवढंच त्याचं प्रमाण. रबराची साखळी तोडायला तेवढं पुरतं.

गंमत अशी की सैल पडलेल्या रबराला ओझोन फारशा भेगा पाडू शकत नाही. रबर थोडं तरी ताणलेलं असावं लागतं, मग तुटलेली साखळी उघडी पडते, भेग रुंदावते आणि आतल्या साखळीची पाळी येते. उभ्या गाडीच्या टायरची भिंत जमिनीलगत बाहेर फुगलेली असते, म्हणजे ताणलेली असते. महिनोन् महिने तीच जागा, तोच ताण. त्यात बंद गाडीच्या टायरमधली हवा महिन्याला साधारण एक पीएसआयने उतरत जाते, की फुगवटा आणखी वाढतो.

टायर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून रबर मळतानाच त्यात मेण घालतात. ते रबरात पूर्ण विरघळून राहत नाही, दुधावर साय यावी तसं हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ओझोनला अडवणारा पापुद्रा धरतं. जोडीला ६पीपीडी नावाचं रसायन असतं. ते पृष्ठभागावर येऊन रबराच्या आधी स्वतःच ओझोनशी भिडतं आणि खर्च होतं. आणि टायर फिरताना दबतो, वाकतो, सरळ होतो, या कवायतीनेच हे दोन्ही पदार्थ आतून बाहेर यायला मदत होते. चालणारा टायर स्वतःची मलमपट्टी करत असतो. उभ्या टायरची ती सोय मंदावते. जुन्या टायरवर जी तपकिरी झाक दिसते आणि जी आपण घाण समजून घासून काढतो, ती बहुतेक वेळा हे खर्च झालेलं ६पीपीडी असतं. वर पेट्रोलियममिश्रित पॉलिश चोपडलं की उरलासुरला पापुद्राही जातो. दाखवायला टायर काळाभोर, आणि अंगरखा काढून घेतलेला.

या रसायनाची एक वेगळी कथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आसपासच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सॅमन मासे मरत. कारण अनेक वर्षं सापडत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी गुन्हेगार पकडला: ६पीपीडी ओझोनशी भिडल्यावर तयार होणारा पदार्थ, जो झिजलेल्या टायरच्या भुकटीतून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरत होता. टायरला वाचवणारं औषध माशांना विष ठरलं. त्याला पर्याय अजून शोधताहेत.

बाहेरच्या भेगा निदान दिसतात. दुसरं म्हातारपण आतून येतं. टायरमध्ये आपण हवा दाबून भरतो, म्हणजे ऑक्सिजनही दाबून भरतो. तो आतल्या अस्तरातून झिरपत पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत जातो आणि तिथलं रबर कडक, ठिसूळ करतो. उष्णतेने हा वेग वाढतो. २००० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्यांची नक्षी पट्ट्यांपासून सोलून निघत होती आणि गाड्या उलटत होत्या. घडणीत दोष होतेच, पण तक्रारी मोठ्या संख्येने उष्ण राज्यांमधून आल्या. पुढे तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने फिनिक्सच्या भट्टीत वापरलेले टायर गोळा करून तपासले. डिकीत पडून राहिलेली, रस्ता न पाहिलेली स्टेपनीसुद्धा म्हातारी होत असल्याचं त्यात दिसलं.

म्हणून टायरचं वय कळलं पाहिजे, आणि ते टायरवरच लिहिलेलं असतं. भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा सुमार. पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच बाजूला असते आणि ती बाजू नेमकी आत, गाडीच्या पोटाकडे बसवलेली निघते. टॉर्च घेऊन आडवं व्हावं लागतं. बऱ्याच टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, निवृत्ती असं सुचवतात. काही कारकंपन्या सहाव्या वर्षीच बदला म्हणतात.

हे चार आकडे वाचायची सवय लागली की जुनी गाडी बोलू लागते. चार टायर आणि स्टेपनी, पाचही गाडीच्या जन्माच्या दोन-चार महिने आधीचे असतील तर ते मूळचे. एकच वेगळ्या सालचा असेल तर त्या कोपऱ्यात कधीतरी काहीतरी झालंय. त्या बाजूचा दरवाजा, मडगार्ड, सस्पेन्शन नीट बघावं. आणि गाडी २०१९ ची, मीटरवर बावीस हजार, पण चारही टायर २०२३ चे? टायर सहज चाळीस-पन्नास हजार जातात. बावीस हजारांत चारही का बदलावे लागले, हा प्रश्न टायरला नाही, मीटरला विचारायचा. झिजेची तऱ्हाही असंच बोलते. मधोमध झिजला तर हवा जास्त भरत होते, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडलेलं. खोबणीच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. ते कुठेच सापडत नसतील तर गोटा झालेल्या टायरवर खोबण्या नव्याने कोरल्या असल्याचा संशय घ्यावा. ऐंशी टक्के असेही मिळवता येतात.

भेगांपेक्षा घाबरवणारी गोष्ट म्हणजे फुगा. टायरच्या भिंतीत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो आणि आतल्या दाबाला धरून ठेवायचं काम तो करतो. सायन–पनवेल मार्गावर पावसाळ्यात खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला की दोरे तुटतात. रबर शाबूत राहतं, हवा त्या फटीतून बाहेरच्या थराला ढकलते, भिंतीवर टेंगूळ येतं. तिथे आता फक्त रबर आहे, दोरा नाही. याचं पंक्चर काढता येत नाही, पॅच चालत नाही, टायर बदलायचाच. उलट भिंतीवर आत दबलेली उभी रेघ दिसली तर हुश्श करायला हरकत नाही. तिथे बनवताना दोऱ्यांच्या थराची दोन टोकं एकावर एक आलेली असतात. ती जागा बाकीच्या भिंतीपेक्षा कणभर मजबूतच असते. बाहेर आलेलं घातक, आत गेलेलं निरुपद्रवी. मला हे कळेपर्यंत उलटंच वाटायचं.

पंधरा इंची रिमचा टायर एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त फेऱ्या घेतो. प्रत्येक फेरीला भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि सुटतो. पन्नास हजार किलोमीटरमध्ये अडीच कोटी वेळा. दर वेळी थोडी उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते आणि उष्णता वाढते. शहरात सिग्नलला टायर निवायला उसंत मिळते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे आणि तासन् तास ब्रेकवर पाय जात नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पहिला टप्पा खुला झाला आणि २०२३ मध्ये परिवहन खात्याला प्रवेशद्वारांवर टायर तपासायची वेळ आली. झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. अर्थात ‘टायर फुटला’ हे सोयीचं कारणही असतं. १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात याच रस्त्यावर खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते मानलं नाही.

न्यायालयातही हा प्रश्न पोहोचला आहे. २५ ऑक्टोबर २०१० ला पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि आतला ३८ वर्षांचा प्रवासी दगावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनीचं म्हणणं, टायर फुटणं ही देवाची करणी. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. शिवकुमार डिगे यांनी ते फेटाळलं. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, सेकंडहँड टायर, तापमान अशी कारणं त्यांनी मोजली आणि निघण्यापूर्वी टायर बघणं हे गाडी चालवणाऱ्याचं किंवा मालकाचं काम असल्याचं म्हटलं. जुनी गाडी ज्या दिवशी आपल्या नावावर होते, त्या दिवसापासून तो मालक आपण. विकणाऱ्याशी भांडायचं असेल ते भांडावं. टायर तोवर थांबणार नाही.

चारही बदलायला पैसे नसतील तर दोन घेतले जातात, आणि दुकानात हमखास प्रश्न येतो: “पुढे टाकू ना?” इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, तेव्हा नवे टायर पुढेच, असं आपल्यालाही वाटतं. पण नवे मागे टाकायला सांगावं. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, स्टिअरिंग हलकं पडतं, पाय आपोआप उचलला जातो. मागची पकड सुटली तर कळेपर्यंत शेपूट फिरलेलं असतं. ही पकड केव्हा सुटते, याचं सूत्र १९६० च्या दशकात ‘नासा’च्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवरून काढलं: वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून. साचलेल्या पाण्यात ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २४ ला ८२ वर उतरतो. कारच्या गुळगुळीत टायरसाठी आणखी खाली धरावा.

टायर बसवल्यावर बॅलन्सिंगवाला चाक यंत्रावर फिरवतो आणि रिमच्या कडेला शिशाचा एखादा तुकडा ठोकतो. दहा ग्रॅमचा तो तुकडा बघून वाटतं, एवढ्याने काय होणार? ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला अकरा वेळा फिरतं. तेवढ्या गतीला दहा ग्रॅमचा असमतोल एक किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतो, आणि ओढण्याची दिशाही सेकंदाला अकरा वेळा फिरते. पाम बीचवर बरोबर ऐंशीला थरथरणारं आणि साठला शांत होणारं स्टिअरिंग बहुतेक वेळा एवढंच सांगत असतं.