चष्मा काढला की हिरॉइन?

दहावीच्या सेंडऑफला मी चष्मा घरी ठेवून गेले होते. टीव्हीवर पिक्चर बघून बघून डोक्यात पक्कं बसलेलं, चष्मा गेला की मुलगी सुंदर होते! ज्याने बघावं असं वाटत होतं, त्याने बघितलं की नाही, ते मला शेवटपर्यंत दिसलंच नाही.

हे सगळं आठवलं ते गेल्या हिवाळ्यात, जव्हारजवळच्या साखरशेतला. मैत्रिणीकडे दोन दिवस राहायला गेले होते. संध्याकाळी ओट्यावर शेजारच्या कॉलेजच्या मुली जमल्या आणि मोबाइलवर 'मैं हूँ ना' लागला. 2004 चा पिक्चर. फाटक्या जीन्समधल्या अमृता रावला सुश्मिता सेन सजवते, ती सलवार-कमीजमध्ये येते आणि इतके दिवस नुसता दोस्त असलेला झायेद खान बघतच राहतो. 1998 च्या 'कुछ कुछ होता है'मध्ये तरी वेगळं काय होतं? ट्रॅकसूटमधली अंजली मैत्रीण, साडीतली अंजली प्रेम!

"ताई, ती आधी पण हीच होती ना? मग चष्मा त्यालाच पाहिजे," एक मुलगी म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. मीही.

रात्री तीच मुलगी हळूच जवळ आली. "शहरात गोरं व्हायला कुठलं क्रीम लावतात? बहिणीचं लग्न आहे."

मास कॉमची डिग्री असून माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका प्रसिद्ध क्रीमने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला, पण प्रश्न काही गेला नाही. तेव्हा पुलंची 'ती फुलराणी' आठवली. फुलं विकणाऱ्या मंजुळाचाही मेकओव्हरच होतो की! पण ती तिला घडवणाऱ्या प्रोफेसरलाच जाब विचारते. पिक्चरमधल्या मुली नव्या लुकमध्ये नुसत्या लाजतात. आपण पाठ करतो ते लाजणं, जाब विचारणं नाही.

"मी काहीच लावत नाही," एवढंच मी तिला म्हणाले. अर्धंच खरं होतं. पर्समध्ये कन्सीलर होता.

निघताना तिला सेल्फी हवा होता. माझ्या फोनचा ब्युटी फिल्टर चालू राहिलेला. फोटो बघून ती म्हणाली, "ही कोण?" फिल्टर बंद करून दुसरा काढला. तिने दोन्ही पाठवायला सांगितले.

डीपीला कुठला लावते, बघू या. आणि तुम्ही? तुमच्या डीपीवर कोण आहे?