सरळ चिमट्याची सायकल

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भागाला आपल्याकडचे मिस्त्री ‘चिमटा’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. चुलीवरची भाकरी धरावी तसे तो चाकाला धरतो. शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या बहुतेक सायकलींना लोखंडाचा हा साधा चिमटा पुरला. आता मात्र मुलांच्या सायकलींच्या दुकानात उभे राहिलात, तर स्वस्तातल्या सायकलीलाही पुढे दोन जाडजूड नळकांडी दिसतील. त्यांना ‘शॉक’ म्हणतात. विक्रेता हँडल दाबून ती खालीवर करून दाखवतो, मुलगा खूश होतो आणि बाप पाकीट काढतो.

मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी असा शॉक काढून टाकून त्या जागी सरळ चिमटा बसवला आणि त्या सायकलीवर गेले दीड वर्ष कच्च्या वाटांनी हिंडतो आहे. ओळखीचे लोक विचारतात, “अहो, या वयात शॉक लावायचे की काढायचे?” प्रश्न रास्त आहे.

डोंगरात चालणारी सायकल मुळात स्प्रिंगशिवायच जन्मली. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेले की मरीन जिल्हा लागतो. तिथे माउंट टॅमलपाइसच्या परिसरातली काही तरुण मंडळी १९७० च्या दशकात जुन्या बाजारातून १९३०-४० च्या सुमाराच्या, फुगीर टायरांच्या श्विन सायकली उचलून आणत आणि डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर पहिली शर्यत लावली. उतार दोन मैलांच्या आसपास आणि उंचीतला फरक सुमारे १३०० फूट. उलटे पायडल मारून लागणारे त्या सायकलींचे ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. हब उघडायचा, ग्रीस पुन्हा भरायचे आणि मगच पुढची फेरी. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच शर्यतीचे नाव पडले ‘रिपॅक’. गॅरी फिशर हा गडी तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरला, आणि तोच तिथला विक्रम ठरला. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी पोलादी नळ्यांची नवी सायकल बांधली. तिचाही चिमटा सरळच. शॉक बाजारात यायला १९९० चा सुमार उजाडला.

सांगायचा मुद्दा असा, की ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्या सायकलीला दोनच स्प्रिंगा होत्या. एक टायरमधली हवा आणि दुसरी स्वतःचे हातपाय.

माझ्याकडे आलेली सायकल साधारण १९९३-९४ सालची. पुण्यात राहून गेलेल्या एका परदेशी अभ्यासकाने ती मागे ठेवली होती आणि एका स्नेह्याच्या जिन्याखाली ती वर्षानुवर्षे पडून होती. फ्रेम उत्तम, क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. पण पुढे नंतर कधीतरी बसवलेला स्वस्तातला शॉक होता. पेठेतल्या माझ्या जुन्या मिस्त्रींनी तो उघडला तर आतून काळा चुरा पडला. धक्के झेलण्यासाठी बसवलेल्या रबरासारख्या गोळ्या काळाने पार खाऊन टाकल्या होत्या. तो सुटा भाग आता कुठेच मिळत नाही. मिस्त्री म्हणाले, “साहेब, हा शॉक मेलाय. तुम्ही नुसतं लोखंड ओढणार. सरळ चिमटा टाकू.”

टाकू म्हणजे कुठलाही नाही. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंतची लांबी फ्रेमशी जुळावी लागते. ती दोन सेंटिमीटरने कमी झाली, तर सायकलचे नाक साधारण एका अंशाने उभे होते आणि हँडल बावचळल्यासारखे झटपट वळू लागते. जास्त झाली, तर उलटे होते. चढावर पुढचे चाक भरकटते. मिस्त्रींनी दोरा लावून माप घेतले आणि तीन बाजारपेठा धुंडाळून बेताचा पोलादी चिमटा मिळवला. तराजूत शॉक दोन किलोंच्या वर भरला, तर चिमटा सव्वा किलोच्या आत.

मग टायरचा घोळ. मी ‘सव्वीस’चे टायर मागितले, तर मिस्त्री म्हणाले, “कुठलं सव्वीस?” जुन्या मापात २६ इंच बाय दीड असे लिहिलेले टायर ५८४ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते, २६ बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश हे ५९० वर, आणि डोंगरी सायकलीचे सव्वीस ५५९ वर. तिघांचेही नाव सव्वीस, आणि एकाचे दुसऱ्याला चालत नाही. गंमत अशी, की हल्ली ‘साडेसत्तावीस’ म्हणून जे नव्या जमान्याचे माप विकले जाते, त्याची रिमही ५८४ चीच. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे जुन्या खात्याला नवे नाव देण्याचा हा प्रकार मला अनोळखी वाटला नाही.

आता चालवण्याविषयी. सरळ चिमट्याची सायकल खडकाळ उतारावर बसून चालवायची नसते. पायडल आडवी समपातळीत ठेवून किंचित उभे राहायचे, गुडघे आणि कोपर सैल, दोन बोटे ब्रेकवर आणि नजर चाकापाशी नव्हे तर पाच-सात पावले पुढे. हँडल आवळून धरले की मनगटापासून खांद्यापर्यंत सगळे ठणकते. सैल धरले की तोच दगड कोपरातच जिरतो. हवाही जपून भरावी लागते. सवा दोन इंची टायरला मी पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस पौंड ठेवतो. पंपवाला पोरगा पन्नास भरायला निघाला, की त्याला थांबवावे लागते.

पानशेतच्या बाजूला डांबर सोडून आत शिरणाऱ्या वाटांवर पहिले महिनाभर मी सावकाश जात असे. हळूहळू लक्षात आले, की मी रस्ता वाचायला लागलो आहे. ओला मुरूम कुठे धरतो, सुटी खडी कुठे घसरवते, पावसाने पाडलेली ओघळ कोणत्या कोनात ओलांडायची, हे तळहातांना आधी समजू लागले. शॉक असता तर यातले निम्मे नळकांड्यातच राहिले असते. आमचे एक जुने वरिष्ठ म्हणत, ज्या खात्यात सगळे फार गुळगुळीत दिसते, तिथे जरा जास्त वेळ थांबा. सरळ चिमटा रस्त्याचे खाते जसेच्या तसे हातात देतो.

मी स्प्रिंगच्या विरोधात नाही. उतारावरच्या शर्यतीत उतरणाऱ्यांना ती हवीच, आणि ज्यांची मनगटे खरोखर अधू आहेत त्यांनाही. चांगला शॉक ही उत्तम वस्तू आहे. त्याला ठराविक काळाने तेल, सील आणि जाणता हात लागतो. माझे भांडण आहे ते शोभेच्या शॉकशी. दोन पावसाळ्यांत तो गंजून अडकतो, गल्लीतल्या कुणालाच उघडता येत नाही, आणि त्याच्यासाठी चांगली फ्रेम भंगारात जाते.

हे बोचण्याचे कारण जुने आहे. १९८० च्या दशकात एका तालुक्याच्या शाखेत असताना सवलतीच्या चार टक्के व्याजदराच्या योजनेत मी सायकल दुरुस्तीच्या टपऱ्यांना कर्जे दिली. पाने, पंप, पंक्चरसाठी पाण्याचे घमेले आणि छर्ऱ्यांचे डबे, एवढेच काय ते तारण. खरे तारण त्या माणसाच्या बोटांत होते. सायकल उघडता येत होती, म्हणून ती टपरी चालत होती आणि हप्ते येत होते. वस्तू उघडता येईनाशी झाली, की पहिला बुडतो तो हा माणूस.

आमचे मिस्त्री आता बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या मुलाने मोबाइलचे दुकान टाकले आहे. त्याला दोष कसा द्यावा? चाकाची आऊट काढायचे पैसे मिळतात तरी किती! “माझ्यामागं हे पाने रद्दीवाला नेणार,” असे ते हसत म्हणतात, पण त्यानंतर थोडा वेळ बोलत नाहीत.

माझी नववीतली नात सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर तिथे येऊ लागली ती कंटाळा घालवायला. मिस्त्रींनी तिच्या हातात आऱ्यांचा पाना दिला. चाक फिरवायचे, रिम कुठे घासते ते पाहायचे, त्या बाजूचा आरा पाव फेरा सैल आणि समोरचा पाव फेरा घट्ट. पहिल्या दिवशी अडीच तास लागले आणि चाक तरीही डुलत होते. सहाव्या रविवारी ते डुलायचे थांबले. मिस्त्रींनी ते कानाजवळ नेऊन एकेक आरा बोटाने छेडला आणि म्हणाले, “साहेब, हिला पगार द्यावा लागेल.” माझ्या सायकलीचे पुढचे चाक आज तिने ओढलेल्या बत्तीस आऱ्यांवर चालते. उतारावर माझा सगळा भार त्याच्यावर असतो, आणि मी निर्धास्त असतो.

या सुटीत घरातल्या मुलासाठी सायकल घ्यायला निघाला असाल, तर हँडल दाबून पाहण्यात वेळ घालवू नका. शक्य तर गल्लीतल्या मिस्त्रीला बरोबर न्या, आणि दुकानदाराला एवढेच विचारा: हे बिघडले तर उघडणार कोण?