बर्फातला ट्रक आणि दोन लिटरची ऊब

लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये चालकाच्या आसनामागे झोपण्यासाठी जी बंदिस्त जागा असते तिला अमेरिकेत स्लीपर कॅब आणि तिच्यातील बिछान्याला बंक म्हणतात. बंकची लांबी किमान १९० सेंटिमीटर आणि रुंदी ६१ सेंटिमीटर असावी असा तेथील संघीय नियम आहे. म्हणजे जागा साधारण रेल्वेच्या बर्थएवढी. चालकाला कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकता येते, त्यानंतर सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते आणि २०१७च्या अखेरीपासून या तासांची नोंद बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रच ठेवते. त्यामुळे रात्र कोठे पडेल हे पुष्कळदा चालकाच्या हाती उरत नाही. वायोमिंग राज्यातून जाणारा ८० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग हिवाळ्यात वारा आणि उडत्या बर्फामुळे वारंवार बंद होतो, आणि अशा वेळी उणे २० अंशांच्या हवेत, पातळ भिंतींच्या व मोठ्या काचेच्या केबिनमध्ये, माणसाला रात्र काढावी लागते.

यावरचा जुना आणि सोपा उपाय म्हणजे इंजिन रात्रभर चालू ठेवणे. गाडी उभी असताना इंजिन असे मंदगतीने चालू ठेवण्याला आयडलिंग म्हणतात. तेरा ते पंधरा लिटर क्षमतेचे हे इंजिन उभ्या जागी तासाला सुमारे तीन लिटर डिझेल जाळते, म्हणजे दहा तासांच्या झोपेला तीस लिटर. मूठभर तांदळासाठी गुऱ्हाळाचे चुलाण पेटवावे तसा हा प्रकार. शिवाय मंदगतीत इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचते. कॅलिफोर्नियात पाच मिनिटांहून अधिक आयडलिंगला असलेली बंदी २००८पासून स्लीपर ट्रकनाही लागू झाली. कमी प्रदूषणाचे प्रमाणपत्र असलेल्या इंजिनांना तीतून सूट आहे, आणि अनेक ठिकाणच्या अशा नियमांत कडाक्याच्या थंडीपुरती सवलतही ठेवलेली आढळते.

या खर्चातून बंक हीटर पुढे आला. बंकखाली किंवा बाजूच्या सामानाच्या कप्प्यात मावणारे हे छोटे यंत्र ट्रकच्याच टाकीतले डिझेल वापरते. एक लहानसा पंप थेंबाथेंबाने इंधन देतो, ग्लो प्लग नावाची विजेने लालभडक होणारी कांडी ते पेटवते आणि ज्वाला एकदा स्थिरावली की कांडी बंद होते. ज्वालेला लागणारी हवा केबिनच्या बाहेरून येते आणि तिचा धूर वेगळ्या नळीने जमिनीच्या दिशेने बाहेर जातो. केबिनमधली हवा मात्र पंख्याच्या साहाय्याने तापलेल्या धातूच्या पंखांवरून फिरून परत येते. या दोन हवा एकमेकींना कोठेही भेटत नाहीत, आणि यंत्राचे सारे शहाणपण उष्णता निर्माण करण्यापेक्षा या विभागणीत आहे. दोन किलोवॅटच्या हीटरला रात्रभरासाठी दोन लिटरच्या आसपास डिझेल पुरते. वेबास्टो आणि एबरश्पेखर या जर्मन कंपन्यांची नावे या व्यवसायात सर्वतोमुखी आहेत. त्यांपैकी पहिले नाव विल्हेल्म बायर हा संस्थापक आणि श्टोकडोर्फ हे गाव यांची आद्याक्षरे जोडून बनले आहे.

हीटरचे नखरेही आहेत. पेटताना तो बॅटरीतून भरपूर वीज ओढतो, म्हणून थंडीने आधीच क्षीण झालेली बॅटरी असेल तर नेमका मध्यरात्री बंद पडतो. सतत मंद आचेवर ठेवल्यास आत काजळी धरतो, यासाठी अनुभवी चालक अधूनमधून त्याला पूर्ण आचेवर चालवून घेतात. विरळ हवेत प्राणवायू कमी पडल्याने हीच काजळी वाढते. उपरोक्त महामार्ग शायेन आणि लॅरामी या शहरांच्या दरम्यान २,६०० मीटरहून अधिक उंची गाठतो, तेथे उंचीनुसार इंधनाचे प्रमाण बदलणारी व्यवस्था असलेलाच हीटर उपयोगी पडतो.

ऊब निर्माण होणे आणि टिकणे या निराळ्या गोष्टी आहेत. आसने आणि बंक यांच्यामध्ये जाड पडदा ओढून घेतला की तापवण्याची जागा निम्म्याने घटते, आणि काचांवर चंदेरी अस्तराचे आच्छादन लावले की उष्णतेची मोठी गळती थांबते. तरीही प्रत्येक फट बुजवणे ही चूकच ठरते, कारण झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, ते थंड पत्र्यावर व काचेवर गोठते आणि गादी खालून ओलसर होते. ओले पांघरूण बरीच ऊब गमावते. म्हणून जाणते चालक छतावरची झडप किंवा काच बोटभर उघडी ठेवतात आणि सकाळी गादी उभी करून तिची खालची बाजू सुकवतात.

थंडी वाढत गेली की प्रश्न माणसापुरता न राहता इंधनाचाही होतो. डिझेलमधील मेणासारखा अंश गोठून फिल्टर तुंबतो, आणि तसे झाले तर इंजिन आणि हीटर एकाच वेळी निकामी होतात. हिवाळी मिश्रणाचे डिझेल त्यासाठीच असते. भारतात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे असे डिझेल इंडियन ऑइलने २०१९मध्ये आणले, ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातून जाते.

इंधनाची सोय झाली तरी ज्या केबिनमध्ये हीटर नाही तेथील माणसाची होत नाही. लडाखच्या वाटेवर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असलेल्या झोजीला खिंडीच्या अलीकडे वा पलीकडे अडकलेल्या चालकाला रजई, चालू इंजिन किंवा शेगडी एवढेच पर्याय दिसतात, आणि त्यांतला तिसरा सर्वांत घातक आहे. बंद जागेत कोळसा धुमसतो तेव्हा तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो झोपलेल्याला जागे करत नाही. चालू इंजिनही पूर्णपणे सुरक्षित नाही, कारण गाडीभोवती बर्फ साचून धुराची नळी बुजली तर तोच वायू फटींतून आत शिरतो. थंड प्रदेशात गाडी नेणाऱ्याने या वायूची सूचना देणारा भोंगा बंकजवळ लावावा, झोपण्यापूर्वी एकदा खाली उतरून नळीच्या तोंडाशी साचलेला बर्फ फावड्याने दूर करावा, आणि शेगडी कितीही लहान असली तरी केबिनमध्ये पेटवू नये.